बुडण्याइतकं पाणी

आम्ही पिंपळगाव रेणुकाईची माणसं कुठलीही गोष्ट पाण्यात मोजतो. लग्न किती थाटाचं झालं हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, किती टँकर लागले ते विचारतात. सोयरीक जुळवताना एकरांची चौकशी चारचौघांत होते, पण बोअरला किती इंच पाणी आहे हे मुलीचा मामा मुलाच्या शेजाऱ्याला गाठून वेगळं विचारून घेतो, आणि होकार-नकार बहुधा त्यावरच ठरतो. गाव भोकरदन तालुक्यातलं, मिरचीचं. ऐन उन्हाळ्यात, बाकीचा मराठवाडा सावली धरून पडलेला असताना, आमच्याकडे मल्चिंगच्या कागदाला भोकं पाडून मिरचीची रोपं लावत असतात आणि ठिबकच्या नळीनं त्यांना थेंबाथेंबानं जगवत असतात. कोकडा पडला नाही, भाव पडला नाही, तर तीच हिरवी मिरची ट्रक भरभरून परराज्यात जाते.

त्यामुळे जालन्याच्या आमच्या वसाहतीत हार्डवेअरच्या दुकानावरचा गाळा भाड्यानं घेतलेला तिशीतला एक मनुष्य माझ्याकडे ओळख करून घ्यायला आला आणि म्हणाला, ‘‘काका, मी पास्टर आहे. इथे बॅप्टिस्ट मंडळी सुरू करतोय,’’ तेव्हा मी धर्माचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, ‘‘पाणी किती लागतं तुम्हाला?’’

तो हसला. ‘‘रोज काही नाही लागत जी. पण एखाद्या वेळी लागतं. बुडण्याइतकं.’’

नव्या वसाहतीत काय कोणत्या क्रमानं उगवतं ते आता मला पाठ झालं आहे. आधी मुरुमाचा रस्ता आणि प्लॉटच्या पाट्या. मग किराणा, मग एक दत्ताचं किंवा मारुतीचं देऊळ, त्याच्या ओट्यावर निवृत्त लोकांची बैठक, मग ब्यूटी पार्लर, मग जिम, मग गणेश मंडळ, आणि मंडळ फुटून दुसरं गणेश मंडळ. आमच्याकडे हे सगळं रीतसर झालेलं होतं. चर्चची जागा या क्रमात कुठे येते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जालन्यात चर्च म्हटलं की लोकांना मिशन हॉस्पिटल आठवतं, जुनी दगडी भिंत आठवते, घंटा आठवते. इथे वर जायला लोखंडी जिना होता, खाली सिमेंटच्या गोण्या आणि पीव्हीसीचे पाइप, आणि गाळ्यात आधीच्या स्पर्धापरीक्षेच्या क्लासवाल्यानं सोडून दिलेला फळा. पहिल्या रविवारी ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य ज्या फळ्यावर लिहिलं गेलं त्याच्या कोपऱ्यात काळ-काम-वेगाचं एक गणित अर्धवट सोडवलेलं होतं. ते बरेच रविवार तसंच राहिलं. त्यात एक हौद भरणारा नळ आणि एक रिकामा करणारा नळ होता.

खुर्च्या मंडपवाल्याच्या. माणसं मोजकी. त्यातला एक रिक्षावाला, दोन कुटुंबं स्टील कारखान्यात कामाला असलेल्यांची, एक नर्स, आणि पास्टरच्या घरचे. पास्टर मूळचा वऱ्हाडातला, अमरावतीकडचा. त्या बाजूला अमेरिकेतले बॅप्टिस्ट मिशनरी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आले आणि मेळघाटापर्यंत पोचले. त्यामुळे याच्या घरात आजोबांपासून बॅप्टिस्टपणा आहे. पण घरात असला म्हणून अंगात येत नाही, असं त्यांच्या पंथाचं म्हणणं, आणि तिथेच आमच्या आईची आणि त्याची पहिली चकमक झाली.

आई ओट्यावर बसून सगळ्या गल्लीची हजेरी घेते. पास्टरचा तेरा वर्षांचा मुलगा तिला येता-जाता ‘आजी’ म्हणायचा. एकदा तिनं सहज पास्टरला विचारलं, ‘‘याचा झाला का तुमचा तो विधी?’’

‘‘नाही आजी. त्याला वाटंल तेव्हा तो घेईल.’’

‘‘आणि नाहीच वाटलं तर?’’

‘‘तर नाही.’’

आई गप्प झाली. आत येऊन मला म्हणाली, ‘‘अरे, याचं स्वतःचंच पोरगं अजून त्यांच्यात नाही! आणि हा निघाला गावाला सांगायला.’’ तिच्या मते हा नवा दुकानदार आपलाच माल घरी वापरत नव्हता.

खरं तर बॅप्टिस्टांचा सगळा इतिहास आईच्या त्या प्रश्नातच आहे. १६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये परागंदा झालेल्या इंग्रजांच्या एका लहानशा घोळक्याचा पुढारी जॉन स्मिथ यानं असं ठरवलं की तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, कारण तान्ह्यानं काहीच ठरवलेलं नसतं. विचार ठाम होता, पण अडचण निघाली ती व्यवहारातली. सगळ्यांचेच बाप्तिस्मे खोटे ठरल्यावर खरा द्यायचा कोणी? शेवटी स्मिथनं स्वतःच स्वतःला दिला आणि मग बाकीच्यांना. पुढे त्यालाच आपलं चुकलं असं वाटू लागलं आणि तो दुसऱ्याच गटाकडे वळला. त्याचा सोबती थॉमस हेल्विस मात्र १६१२च्या सुमारास थोड्या लोकांना घेऊन परत लंडनला आला आणि गावकुसाबाहेरच्या स्पिटलफील्ड्समध्ये त्यानं इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. राजाही मर्त्य माणूसच आहे आणि प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असं त्यानं राजालाच कळवलं. व्हायचं तेच झालं, तो तुरुंगात गेला आणि तिथून परतला नाही. अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी १६३८ साली रॉजर विल्यम्सनं प्रॉव्हिडन्समध्ये काढली आणि काही महिन्यांतच तो स्वतः तिच्यातून बाहेर पडला. मंडळी आजही आहे. आमच्या गणेश मंडळांच्या संस्थापकांबद्दलही साधारण हेच सांगता येईल.

हे वाचून मला एक मुद्दा सापडला आणि मी तो पास्टरपुढे विजयी मुद्रेनं ठेवला. ‘‘तुमच्या त्या स्मिथनं पाणी नुसतं डोक्यावर ओतलं होतं. बुडवाबुडवी नंतरची, १६४०च्या पुढची. मग तुम्हीही तांब्यावर भागवा की! जालन्यात आहात.’’

‘‘काका,’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘सुरुवातीला त्यांच्या नाही लक्षात आलं. मागून दुरुस्त केलं.’’

पाण्याच्या हिशेबानं पाहिलं तर आमच्या जिल्ह्याला आधी जो पंथ लाभला होता तो फार सोयीचा होता. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले, आणि पुढे निजामाच्या राज्यात येऊन त्यांनी जालन्याला काम सुरू केलं. दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत त्यांचं पागोटं पाहायला गर्दी व्हायची. त्यांच्या पंथात बाप्तिस्म्याला ओंजळभर पाणी पुरतं आणि तो बाळालाही देतात. मराठवाड्याच्या हवामानाला इतका अनुरूप धर्मविधी शोधून सापडणार नाही.

याच शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही १८४३ साली मिशनऱ्यांकडे राहायला गेला, बाराएक वर्षांचा असताना. बापानं कोर्टात धाव घेतली, कोर्टानं मुलाला बापाच्या हवाली केलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत रणकंदन झालं. घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. पोरानं कोणत्या वयात काय ठरवावं हा प्रश्न तेव्हा कोर्ट, शास्त्री, मिशनरी आणि वर्तमानपत्रं असे सगळे मिळून सोडवत होते. आमच्या गल्लीतला तेरा वर्षांचा गडी त्याच प्रश्नाला रोज सायकलवरून वळसा घालून क्रिकेटला जातो. बापानं त्याला विचारलेलं नाही, आईनं (म्हणजे माझ्या) मात्र दोनदा विचारलं. ‘‘अजून नाही आजी, दहावीनंतर बघू,’’ असं तो म्हणाला. आमच्या वसाहतीत सगळ्याच गोष्टी दहावीनंतर असतात.

हळूहळू गल्लीला रविवारची सवय झाली. आधी कुरकुर होती. जिन्यापाशी चपला, दुकानापुढे आडव्या लावलेल्या गाड्या, आणि ‘‘हे नेमकं काय चाललंय वर?’’ असा एक दबका स्वर. आजकाल या विषयावर आवाज चढायला वेळ लागत नाही, म्हणून मी जरा काळजीत होतो. पण पास्टरनं पहिली गोष्ट केली ती गाड्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर लावायची सक्ती, आणि दुसरी म्हणजे गाण्याचा आवाज खिडकीबाहेर जाऊ न देण्याची. ही दुसरी जमली नाही. वरून पेटी आणि ढोलकी ऐकू यायचीच. ‘उपासना संगीत’ हे त्यांचं भजनांचं पुस्तक, त्यात रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या, ओवीच्या चालीतली पदं. आई ओट्यावर वाती वळताना सरळ ठेका धरायची. पद संपलं की थोडं थांबायची, आणि म्हणायची, ‘‘चाल तर आपलीच हाय. पण विठ्ठल काही आला नाही.’’ एकदा त्यांच्या पेटीचा भाता फुटला तेव्हा दत्तमंदिराच्या भजनी मंडळानं आपली पेटी वर पाठवली, अटीवर की गुरुवारच्या आत खाली आली पाहिजे. ती बुधवारीच आली, सूर लावून.

मला त्यांच्या बैठकांचं जास्त कौतुक. यांच्याकडे बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. जे सभासद, तेच ठरवणार, हात वर करून. प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालक. पडदे निळे की पांढरे, वर्गणी कोणाकडे ठेवायची, सगळ्यावर मत. दहा माणसांत एका विषयावर दीड तास चाललेली चर्चा मी खालून ऐकली आहे. आमच्या वसाहतीच्या सभेत बोअरचा प्रश्न असाच लोंबकळत पडलेला आहे, तेव्हा मला त्या निळ्या पडद्यांबद्दल जिव्हाळाच वाटला. जगात बॅप्टिस्ट इतके पसरले यामागे एक कारण श्रद्धा असेलच, पण पडद्यांवरून झालेली भांडणं हेही असणार, असा माझा तर्क आहे. भांडण झालं की उठायचं आणि पलीकडच्या गल्लीत दुसरी मंडळी काढायची.

मग पाण्याचा दिवस जवळ आला. दोघं तयार झाले होते, तो रिक्षावाला आणि ती नर्स. दोघंही जन्मानं ख्रिस्ती घरातलेच, दोघांवरही लहानपणी पाणी शिंपडून झालेलं. पण बॅप्टिस्ट मागचं पाणी खात्यात धरत नाहीत. नर्सचं माहेर जुन्या बेथेलकडचं, तिची आजी यावर फार रागावली. ती मुद्दाम रिक्षा करून आली आणि पास्टरला म्हणाली, ‘‘आमचं शेषाद्रीसाहेबांपासूनचं पाणी काय खोटं हाय काय?’’ तिच्यापुढे पास्टरचं धर्मशास्त्र पार वितळलं. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा दिला, ‘‘खोटं नाही आजी, पण तेव्हा हिनं काही ठरवलं नव्हतं,’’ असं काहीतरी तो पुटपुटला. आजी म्हणाली, ‘‘जन्म घेताना तरी कुठं ठरवला होता?’’ या प्रश्नाला गेल्या चारशे वर्षांत कोणी चांगलं उत्तर दिलं असेल तर मला वाचायला आवडेल.

जागा कुठली? नदी म्हणावी तर आमच्या नद्या एप्रिलमध्ये वाळू असतात. मी उत्साहानं पिंपळगावच्या चुलतभावाला फोन लावला, त्याचं मिरचीसाठी केलेलं शेततळं आहे. तो म्हणाला, ‘‘दादा, पाणी हाय, पण त्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही. दोघंजण आत जातील, पास्टर बी जातील, आन् मग मला पोलीस पाटलाकडे जावं लागंल.’’ विहिरीचं नाव निघालं आणि मी स्वतःच ते मागे घेतलं. विहिरीत कोण उतरतं याचा महाराष्ट्रातला इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसांना मोर्चा काढावा लागला होता. बेथेलला गेलेल्यांत बरेचजण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं केलं जात नव्हतं त्यांच्यातलेच होते. आपल्याकडे पाण्यात पाऊल टाकणं ही कधीच नुसती ओलं होण्याची गोष्ट नव्हती.

पास्टरला मी बंगालचा हेवा वाटतो असं म्हटलं. विल्यम केरी, मूळचा इंग्लंडातला चांभारकाम करणारा, पुढे बॅप्टिस्ट मिशनरी झालेला, १७९३ साली बंगालात उतरला आणि सात वर्षं त्याला एकही बंगाली माणूस मिळाला नाही. शेवटी कृष्ण पाल नावाचा सुतार नदीवर पाय घसरून पडला, खांदा निखळला, केरीच्या सोबत्यानं, डॉक्टर थॉमसनं, तो बसवला, आणि त्यातून ओळख वाढली. २८ डिसेंबर १८०० रोजी सेरामपूरच्या घाटावर केरीनं आपल्या मुलाला आणि त्याला बाप्तिस्मा दिला. समोर हुगळी वाहत होती, काठावर गर्दी होती, आणि पाण्यात उतरण्याआधी केरी लोकांना सांगत होता की आम्ही या पाण्याला पवित्र मानत नाही, हे नुसतं पाणी आहे. गंगेच्या घाटावर उभं राहून असं म्हणायला छाती लागते, आणि पाणी भरपूर लागतं. याच माणसानं महाराष्ट्रात कधी न येता १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१०ला मराठी कोश काढला. आपल्या छापील गद्याच्या पायऱ्या बांधणाऱ्यांत एक बॅप्टिस्ट आहे, हे आम्ही मराठीची मास्तरकी केलेले लोक फारसं सांगत नाही.

‘‘बंगाल सोडा,’’ पास्टर म्हणाला, ‘‘ओंगोल घ्या.’’ ओंगोल आंध्रात. १८७६ ते ७८च्या दुष्काळात, ज्यात आपलं दख्खनही होरपळलं, तिथला बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यानं बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांचं खोदकाम ठेक्यानं घेतलं आणि भुकेल्यांना कामाला लावलं. माणसं बाप्तिस्मा मागायला यायची, पण दुष्काळ असेतो त्यानं कोणाला दिला नाही. भाकरीसाठी कोणी येऊ नये म्हणून. दुष्काळ ओसरला, आणि ३ जुलै १८७८ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. दोन-दोन पाळक आळीपाळीनं पाण्यात उभे. मला त्या आकड्यापेक्षा आधीचं थांबणं मोठं वाटतं. पास्टरलाही तसंच वाटत असावं, कारण तो म्हणाला, ‘‘आपले दोनच आहेत काका. पण दोघंही थांबलेले आहेत.’’

तोडगा शेवटी गणेश मंडळाच्या पोरांनी काढला. विसर्जनासाठी त्यांच्याकडे लोखंडी अँगलची चौकट आणि ताडपत्री आहे. त्यात दीड दिवसाचे, पाच दिवसांचे गणपती बुडवतात आणि मग ती वर्षभर गोदामात पडून असते. मंडळाच्या अध्यक्षाला मी जरा भीतभीतच विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘‘बुडवायलाच हाय ना? घेऊन जा. ताडपत्री फाडू नका फक्त.’’ गच्चीवर मांडायचा विचार घरमालकानं एका वाक्यात खोडला: तीन हजार लिटर म्हणजे तीन टन, आणि सळई जालन्याची असली तरी स्लॅब हार्डवेअरच्या दुकानाचा आहे. मग रिकाम्या प्लॉटवर, कडुनिंबाखाली, चौकट उभी राहिली.

नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. टँकर मागवला तो पाच हजार लिटरचा, त्याहून लहान मिळतच नाही. तीन हजार हौदात गेले, उरलेल्या दोन हजारांसाठी बायका कळशा, ड्रम आणि पाइप घेऊन हजर. पास्टरीणबाईंनी रांग लावली. आमच्या आईला दोन कळशा पहिल्या मिळाल्या, वयाचा मान म्हणून. त्या सकाळी वसाहतीतली निम्मी माणसं पाण्यासाठी आलेली आणि निम्मी पाहण्यासाठी थांबलेली होती, आणि कोण कशासाठी आलं हे शेवटी सांगता येईना. रिक्षावाला खाकी शर्टावरच उतरला. नर्स पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये. पास्टरनं दोघांना काहीतरी विचारलं, दोघांनी ‘होय’ म्हटलं, आणि एकेकाला मागे झुकवून पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. बेथेलची आजी खुर्ची घेऊन पुढेच बसली होती. नात वर आली तेव्हा टॉवेल तिनंच पुढे केला. ‘‘आता सर्दी नको घेऊ,’’ एवढंच ती म्हणाली.

टाळ्या झाल्या, पेढे वाटले. आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या हौदाकडे वळल्या. तीन हजार लिटर. उन्हाळ्यात. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललेलं, नुकताच स्लॅब पडलेला, आणि पाणी मारायला पाणी नाही म्हणून त्या घराचा मालक दोन दिवस तोंड पाडून फिरत होता. तो पास्टरजवळ आला, घुटमळला.

‘‘साहेब, ते... चालतं का? म्हणजे तुमच्या देवाचं पाणी ते.’’

‘‘नुसतं पाणी आहे जी. घ्या बाप्पा, वाया नका जाऊ देऊ.’’

त्यानं लगेच मोटार लावली. पाइप स्लॅबवर चढला. आई हे सगळं ओट्यावरून पाहत होती. संध्याकाळी पास्टर चौकट परत द्यायला निघाला तेव्हा तिनं त्याला हाक मारली.

‘‘पुढच्या खेपेला किती जण हायेत?’’

‘‘अजून ठरलं नाही आजी.’’

‘‘ठरलं की दोन दिवस आधी सांग. वाणीणबाईच्या घराचाबी स्लॅब पडायचाय. टँकर एकदमच बोलवू.’’